जमिनीखालचा समुद्र

एप्रिलची सकाळ. अकोला मागे पडलं आहे आणि तुमची गाडी अकोटच्या रस्त्याला लागली आहे. कापसाची उलंगवाडी कधीच झाली. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या आहेत. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. गांधीग्रामला पूर्णा दिसते. नदी काठाला असूनही इथले मळे ओले का नाहीत, हे रस्त्यावरून कळत नाही. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या सुमारे ९०० गावांखालचं पाणी खारं आहे. ते पिकाला दिलं की जमीन चोपण होते.

दहीहांड्याला उतरा. जुन्या विहिरीच्या काठावर हात टेकवा. दगड तापलेला आहे. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा डांबरी रस्ता नसेल. तारीख १३ एप्रिल १९३०, वार रविवार. जालियनवाला बागेला आज ११ वर्षं झाली. आठवड्यापूर्वीच दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचललं. पण वऱ्हाडातून समुद्र शेकडो मैल दूर. इथल्या माणसानं मिठाचा कायदा मोडायचा कुठे? उत्तर तुमच्या पायाखाली आहे. पोहऱ्याचा दोर कुरकुरतो, पाणी वर येतं. चुलीवर कढई चढते. तुराट्यांचा धूर डोळ्यांत जातो. खादीतल्या माणसांच्या गर्दीत बायाही आहेत, डोईवरचा पदर सावरत कढईकडे पाहणाऱ्या. पाणी आटत जातं आणि तळाशी मळकट पांढरा थर धरतो. चिमूटभर जिभेवर ठेवा. मिठामागे थोडा कडवटपणाही लागेल. एवढ्याशा चिमटीसाठी ही माणसं तुरुंगात जायला तयार आहेत. पूर्णेच्याच खोऱ्यात, अमरावती जिल्ह्यातल्या भामोदलाही असाच सत्याग्रह होणार आहे.

कढईचा थर जमला तेव्हा मागे कुणीतरी पुटपुटतं, "आमच्या आज्याचं मीठ हाये हे."

त्या शब्दाचं बोट धरून आणखी मागे चला. १८५३ च्या आधी, वऱ्हाड निजामाच्या अमलात असताना. नागपूरला रेल्वे पोहोचायला, म्हणजे १८६७ साल उजाडायला, अजून अवकाश आहे. कोकणातलं मीठ इथवर यायचं तर बैलांच्या पाठीवरून, घाट चढून. म्हणून दहीहांड्याच्या परिसरातल्या खोल विहिरींतलं पाणी उपसून उन्हात वाळवतात. वाफ्यांमध्ये पांढरे खडे चमकत आहेत. आज शेतकरी ज्या पाण्याला घाबरतो, त्याच पाण्यावर इथली घरं चालत आहेत. पुढे इंग्रजी अमलात हे मीठ काढणं बंद झालं. मातीत मीठ तसंच राहिलं. माणसाचा त्यावरचा हक्क तेवढा गेला. १९३० च्या त्या कढईत तो हक्क पुन्हा शिजत होता.

आता परत या.

विहीर तीच, ऊन तेच. पण कढई नाही, वाफे नाहीत. मीठ दुकानात पुड्यांत मिळतं. इथे मोल आलंय ते मीठ नसलेल्या पाण्याला. नळाला पाणी कधी येईल, टँकर कधी येईल, याचा हिशेब बायका दिवसभर मनात ठेवतात. खारं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मूत्रपिंडाचं दुखणं लागेल ही धास्ती घराघरात आहे. जी जमीन हक्कासाठी लढली, तिच्या लेकरांना गोड्या पाण्याचा हक्क अजून पुरता मिळायचा आहे.

ओसरीवरचे आजोबा तुम्हाला हाक मारतात. "बसा जी. लांबून आले. पानी पेता का?"

घरातून सून तांब्या आणते. विहिरीचं पाणी भांड्यांना आणि गुरांना. हे वेगळं आहे, झाकलेल्या माठातलं, पाहुण्यासाठी राखलेलं. तांब्या तोंडाला लावा. गोडं आहे. एक घोटही मागे ठेवू नका.