कोनोडोंट

कँब्रियनपासून ट्रायासिकच्या अखेरीपर्यंत, सुमारे ३० कोटी वर्षे समुद्रात वावरलेले, वाम माशासारखे लांबट, नामशेष रज्जुमान प्राणी. त्यांचे दातांसारखे घटक पांडर यांनी १८५६ मध्ये प्रथम वर्णिले व ते माशांचे मानले. हे घटक कॅल्शियम फॉस्फेटचे असून बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतात. चुनखडक सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवला की ते तळाच्या गाळात उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक वेचावे लागतात. घटक मुबलक, पण देह अज्ञात. त्यामुळे सव्वाशे वर्षे त्यांना कधी कृमींत, कधी मृदुकायांत ढकलले गेले. एडिंबरोजवळच्या ग्रँटन येथील कार्बॉनिफेरस थरातला सुमारे ४ सेंमी. लांबीचा देह ब्रिग्ज, क्लार्कसन व ऑल्ड्रिज यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा घटक डोक्याशी असल्याचे दिसले.

वर्गीकरणाचा निवाडा देहावरूनच व्हायला हवा. घटकांवरील एनॅमलसारखा थर पृष्ठवंशींच्या दातांशी सजातीय नसून स्वतंत्रपणे उत्पन्न झाला, असे २०१३ मधील अभ्यासाने दाखवले. काही अभ्यासक म्हणूनच त्यांना पृष्ठवंशींत घेत नाहीत. परंतु या आक्षेपाने दातांचा पुरावा बाद होतो, देहाचा नव्हे. देहात दिसणारे पृष्ठरज्जू व ‘व्ही’ आकाराचे स्नायुखंड अँफिऑक्सस या पृष्ठवंशी नसलेल्या रज्जुमान प्राण्यालाही असतात, हे खरे. तेवढ्यावरून प्राणी फक्त रज्जुमान ठरतो. मात्र दक्षिण आफ्रिकेतील सूम शेलमधल्या ऑर्डोव्हिशियन काळच्या प्रोमिसम या कोनोडोंटात डोळे हलवणाऱ्या स्नायूंच्या खुणा आहेत, आणि असे स्नायू अँफिऑक्ससला नसतात. कवटी वा मणके सापडत नाहीत, ही हरकतही निर्णायक नाही: आजच्या हॅगफिशमध्येही मणक्यांचे केवळ कूर्चामय अवशेष उरले आहेत, आणि कुजताना मऊ देहातील वर्गीकरणाला उपयोगी लक्षणे आधी नष्ट होतात. तेव्हा त्यांना जबडे येण्यापूर्वीच्या पृष्ठवंशींत ठेवणे अधिक सयुक्तिक. नेमकी शाखा अनिश्चित.

आहार : काही घटकांवर झिजेच्या खुणा आढळतात; त्यावरून ते अन्न खाताना दातांसारखे वापरले जात असावेत.

प्रसार जागतिक व उत्क्रांती जलद, म्हणून स्तरविज्ञानात त्यांना तोड नाही. पर्मियन–ट्रायासिक सीमा चीनमधील मैशान येथे हिंडिओडस पार्वस या जातीच्या प्रथम आगमनावरून ठरवली गेली (२००१). काश्मीरमधील गुर्युल घळीतही ही जाती मिळते. स्पितीतील ट्रायासिक खडकांचे थरही कोनोडोंटांवरून जुळवले जातात. खडक तापत गेला की घटकांचा फिकट पिवळा रंग तपकिरी, पुढे काळा होतो. त्यावरून खडकाने सोसलेले तापमान कळते व तेथे खनिज तेल टिकले असेल की जळून गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो.