नांगराची निशाणी आणि नोटरीचा शिक्का

जळगाव काय आणि धुळे काय, कोर्टाच्या आवारात पाऊल टाकले की एक टेबल हटकून दिसते. टेबलावर शाईची गादी, जाडजूड रजिस्टर आणि एक वाटोळा शिक्का. टेबलामागे काळ्या कोटातील वकील. समोर रावेरकडचा केळीवाला, शिरपूरचा कापूसवाला, लग्नानंतर नाव बदललेली एखादी सून. आमच्याकडे लोक म्हणतात, "जरा नोटरी करून येतो!" खरे पाहता नोटरी हे माणसाचे नाव, पण ते आता कामालाच चिकटले आहे. हा मनुष्य मूळचा कोण आणि त्याच्या शिक्क्याला वजन कोठून आले, याची हकिकत मोठी मनोरंजक आहे.

तिचा आरंभ पाहायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या पश्चात तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने 22 खंडांत छापली. अशा जुन्या कागदांत महजर नावाचा एक प्रकार असतो. वतनाचा तंटा पडला की पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार असे सारे गोत जमे. साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि खाली सगळ्यांची नावे येत. लिहिता येणारा सही करी. न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगर काढत, बलुतेदारापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार. त्या चिमुकल्या नांगराचा अर्थ एवढाच, की हा माणूस तेथे हजर होता, त्याने ऐकले आणि त्याला ते मान्य आहे. शिक्का नव्हता; पण सारा गाव त्याला ओळखत होता.

पुढे इंग्रजी अंमल आला. कागद राहिला, ओळख मात्र गेली. सावकाराने रोखा लिहावा, कुणब्याने खाली निशाणी करावी आणि मजकूर काय ते कोर्टाच्या समन्सावरून कळावे, असे होऊ लागले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. सरकारने त्यावर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांकरिता गावोगाव रजिस्ट्रार नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचा रोखा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याने त्यावर साक्ष घालावी. गोताची जागा अशी एका नेमलेल्या माणसाकडे आली.

व्यापाऱ्यांची रीत निराळी होती. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अशा व्यापारात पैसा हुंडीने फिरे. शाहाजोग हुंडीचा पैसा बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळे. अनोळखी माणसाने ती दाखवून भागत नसे. हुंडी हरवली तर पेठ, पेठही गहाळ झाली तर परपेठ, अशी प्रतींची सोय असे. हुंडी नाकारली गेली, तर तसे अधिकाराने लिहून देणारा कोणी हवा. यासाठी 1881 च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यात नोटरी नेमण्याचे कलम घातले. त्याचा क्रमांक 138. पुढे नोटरीचा वेगळा कायदा झाला, तेव्हा ते रद्द झाले आणि 1988 साली त्याच रिकाम्या क्रमांकावर न वटलेल्या चेकचे कलम येऊन बसले. आज व्यापारी ज्या 138 चा धाक घालतात, ते घर मूळचे नोटरीचे!

तो वेगळा कायदा 1952 चा. त्याचा अंमल 14 फेब्रुवारी 1956 पासून सुरू झाला. नोटरी होण्यास सामान्यतः दहा वर्षे वकिली झालेली असावी लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग यांना सात वर्षे पुरतात. नेमणूक केंद्र सरकार करते किंवा राज्य सरकार. 1956 च्या नियमांतील एक गोष्ट मला फार आवडते. अर्जावर मॅजिस्ट्रेट, बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या मागितल्या होत्या. शिवाय कोणाची हरकत आहे काय, हे जाहीर नोटिशीने विचारायचे. म्हणजे महजराचे गोतच पुन्हा बोलावले म्हणा ना! नेमणुकीनंतर दाखला मिळतो. पूर्वी तो तीन वर्षांचा असे. 1999 च्या दुरुस्तीने पाच वर्षांचा झाला. शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नाव आणि नेमून दिलेला मुलूख. शपथ देणे, सही समोर झाली अशी साक्ष देणे, नक्कल खरी ठरवणे, भाषांतर प्रमाणित करणे ही त्याची कामे.

मात्र त्याच्या शिक्क्याने घराची मालकी मिळत नाही. "नोटरीवर प्लॉट घेतला" असे पुष्कळ जण आनंदाने सांगतात. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकत घेताना नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. सही तुमचीच, एवढे नोटरी सांगेल. जमीन तुमची झाली, हे तो सांगू शकत नाही. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या प्लॉटवर दुसऱ्याच कोणाच्या नावाचे खरेदीखत निघाले, म्हणजे हा फरक कळतो. पण तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ज्या 1952 साली तो कायदा झाला, त्याच साली जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांना लिहिता येत नव्हते. शब्द त्यांचे, लेखणी घरच्या मुलांची. लिहिणाऱ्याने इमान राखले, म्हणून ते धन आपल्याला मिळाले. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या वतीने जो जो लेखणी धरतो, त्याच्याकडून याहून वेगळे काय मागायचे?

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या पुजाल, तेव्हा घरातली कागदांची पेटीही उघडा. कोणता कागद नोंदलेला आहे आणि कोणता नुसता नोटरी केलेला, ते पाहा. आणि आजीचा अंगठा कोठे घ्यायचा असेल, तर तो कागद तिला तिच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा. तिने "कळलं" म्हटल्यावरच शाईची गादी पुढे करा.