पार्श्वसंगीत कोणाचं?

आपल्या वर्गाच्या गटावर 'सध्या काय ऐकताय?' हा विषय लॉकडाऊनमध्ये निघाला आणि अजून संपलेला नाही. सुरुवातीला त्यात गाणीच यायची. मग कोणी 'इंटरस्टेलर'मधला ऑर्गन पाठवला, कोणी 'मालगुडी डेज'ची धून, आणि बघता बघता अर्धा वर्ग शब्द नसलेलं संगीत ऐकायला लागला. २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मात्र चांगलीच जुंपली. त्यातल्या संगीताने अंगावर काटा आला याबद्दल एकमत होतं, भांडण होतं ते श्रेय कोणाला द्यायचं यावरून. निकाल सरळ आहे: गाणं अजय-अतुल यांचं आणि पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचं. ('असॅसिन्स क्रीड'च्या सुरुवातीच्या खेळांचं संगीतही याच गृहस्थांचं. ज्यांची मुलं ते खेळतात त्यांनी घरी विचारून पाहावं.)

पण मला त्या भांडणापेक्षा त्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. एका सिनेमाचं संगीत दोन वेगळ्या माणसांचं असू शकतं, हे इतकी वर्षं सिनेमे बघूनही आपल्याला पटकन सुचत का नाही? स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा ठरवलं की याच विषयावर सविस्तर लिहायचं. इतिहासाच्या बाई हे वाचणार आहेत, त्यामुळे सनावळी तपासून घेतली आहे.

माझ्या मते याला मोठं कारण रेडिओ आहे. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि त्यात सात गाणी होती. तेव्हापासून आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी असं समीकरण बसलं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि गाणी त्याच मापाने बेतली गेली. पुढे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला', १९५७ पासून विविध भारती. निवेदक गाण्याआधी चार नावं सांगायचे: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. ही चार नावं आपल्या आईवडिलांना पाढ्यांसारखी पाठ होती. पाचवं नाव कोणी सांगितलंच नाही. ज्या संगीताची तबकडी निघत नाही त्याची फर्माईश कोण करणार, आणि झुमरी तलैयाहून पत्र तरी कशाचं येणार?

तरीही पार्श्वसंगीताचा विचार आपल्याकडे फार लवकर सुरू झाला होता, आणि तोही मराठीत. हॉलिवूडमध्ये १९३३ साली मॅक्स स्टायनरने 'किंग काँग'साठी जवळजवळ सलग वाद्यवृंद वापरला आणि सिनेमाभर संगीत वाजत राहण्याची पद्धत पडली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, पुण्याच्या प्रभातने 'कुंकू' काढला आणि नेमकं उलटं केलं. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे होते, गाणी होती, पण पडद्यावर ज्याचा उगम दिसतो असाच आवाज घ्यायचा असं ठरलं होतं. शांता आपटे गातात तेव्हा साथीला पडद्यावरचा ग्रामोफोन असतो. बाकी घड्याळ, पावलं, भांडी, घरातली शांतता. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची ती गोष्ट. तिच्या बाजूने रडायला एकही व्हायोलिन नाही, आणि म्हणून ते घर जास्त गुदमरवतं. तरुण श्रोत्यांना पार्श्वसंगीत म्हणजे काय ते समजावायचं असेल तर मी आधी 'कुंकू' दाखवेन. एखादी गोष्ट काढून घेतल्यावरच ती काय काम करत होती ते कळतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही चूक अशीच शोधतात.

बहुतेक सिनेमांनी अर्थात 'कुंकू'चा रस्ता धरला नाही. वाद्यवृंद वाढत गेले आणि ते चालवायला स्वरलिपी वाचणारी माणसं लागायला लागली. ती माणसं गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईचा संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, आणि कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचा अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केलं. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, यांच्या 'अलबेला'च्या (१९५१) वाद्यवृंदामागे चिक चॉकलेट होते. श्रेयनामावलीत यांची नावं कधी बारीक अक्षरात, कधी नाहीतच.

यांतले अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी रचनांची मैफल केली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे विद्यार्थी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो, ते नाव म्हणजे प्यारेलालांनी गुरूला केलेला नमस्कार. आपण सगळे गॅदरिंगमध्ये त्या गाण्यावर नाचलो आहोत. अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता हे तेव्हा आपल्यातल्या कोणाला माहीत होतं? ते २०१२ मध्ये गेले.

पार्श्वसंगीत मुद्रित कसं व्हायचं हे मला, इंजिनिअर म्हणून, फार आवडतं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. रीळ पडद्यावर चालवायचं, समोर वाद्यवृंद बसवायचा, आणि नायिकेने वळून बघितल्याच्या नेमक्या क्षणी सतार लागली पाहिजे. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी संवाद, आवाज आणि संगीत यांचं मिश्रण. परळच्या राजकमलमध्ये बसून मंगेश देसाई हे काम करायचे, 'शोले'चंही त्यांनीच केलं. व्हायोलिन संवादाखाली किती दबवायचं हे ठरवणारा माणूसही संगीतकाराइतकाच महत्त्वाचा, असं माझं मत आहे. गटावर यावर वाद होणार हे मला माहीत आहे.

आपल्या 'ब' तुकडीतल्या एका मैत्रिणीचे वडील अशाच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. सकाळी एका स्टुडिओत शिफ्ट, दुपारी दुसऱ्या. घरी कोणी विचारलं की 'आज कुठला सिनेमा?', तर म्हणायचे, 'मारामारीचा होता.' ते गेल्यानंतर तिने एक उद्योग सुरू केला. त्या वर्षांतले सिनेमे लावायचे, गाणी पुढे ढकलायची आणि मधला भाग ऐकायचा. चाळीस व्हायोलिनांमधून एक ओळखणं शक्य नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण तिने करून ठेवलेल्या वहीत आज दीडशेहून जास्त सिनेमांच्या नोंदी आहेत: कोणत्या प्रसंगाला कोणतं वाद्य, किती वेळ, श्रेयनामावलीत कोणाकोणाची नावं. आपल्या गटावर एखाद्या प्रसंगाबद्दल ती इतकं अचूक कसं सांगते, असं तुमच्यातल्या काहींनी मला विचारलं होतं. तिच्या परवानगीने हे उत्तर.

तिची वही वाचली की 'संगीत: अमुक तमुक' या ओळीवरचा विश्वास उडतो. 'पाकीजा'चंच घ्या. गाणी गुलाम मोहम्मद यांची. ते १९६८ मध्ये गेले, सिनेमा आला १९७२ मध्ये, आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी केलं. बी. आर. चोप्रांच्या 'कानून'मध्ये (१९६०) एकही गाणं नाही. यश चोप्रांच्या 'इत्तेफाक'मध्येही (१९६९) नाही. दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. सलीलदांचे चाहते गाण्यांची यादी करताना हे दोन सिनेमे हमखास विसरतात, आणि मला वाटतं त्यांचं निम्मं सामर्थ्य तिथेच आहे.

'पथेर पांचाली'ची (१९५५) हकीकत तर आणखी मजेदार. रविशंकर यांनी जेमतेम एका बैठकीत, रात्रभर बसून संगीत दिलं. काही ठिकाणी ते अपुरं पडलं, तेव्हा कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी स्वतः सतार वाजवून एक जागा भरली. दुर्गाच्या मृत्यूनंतर आई टाहो फोडते तिथे सत्यजित राय यांनी तिचा आवाज काढूनच टाकला आणि तार-शहनाई ठेवली. आता हे संगीत कोणाचं म्हणायचं? पुढे १९६१ च्या 'तीन कन्या'पासून राय स्वतःच संगीत देऊ लागले.

आपल्याकडे ज्यांनी पार्श्वसंगीत हीच मुख्य कामगिरी मानली त्यांत दोन नावं मला जवळची. एक वनराज भाटिया. लंडन आणि पॅरिसमध्ये शिकून आलेला माणूस. 'अंकुर', 'भूमिका', 'तमस'. रविवारी सकाळी 'भारत एक खोज' सुरू झालं की घर गप्प व्हायचं, ते यांच्यामुळे. दुसरे भास्कर चंदावरकर: 'घाशीराम कोतवाल', 'सामना', आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अनेक वर्षं अध्यापन. 'सामना' बघताना संगीत कुठे थांबतं याकडे लक्ष द्या, सुरू कुठे होतं याकडे नंतर.

पुरस्कार देणाऱ्यांना हा फरक कळायला बराच वेळ लागला. राष्ट्रीय पुरस्कारात पार्श्वसंगीताचा वेगळा गौरव झाला तो १९९४ च्या चित्रपटांसाठी, मल्याळम संगीतकार जॉन्सन यांना. नियमित वर्ग सुरू झाला २००९ च्या चित्रपटांपासून, आणि तो मान इळैयाराजा यांना मिळाला. फिल्मफेअरने १९९८ मध्ये सुरुवात केली ती विजू शाह यांच्या 'गुप्त'पासून. त्यानंतर 'सत्या'साठी संदीप चौटा. गाणी विशाल भारद्वाज यांची, पार्श्वसंगीत चौटांचं. आपण कॉलेजात होतो. नावं दोन असतात हे आपल्या पिढीला कळलं असेल तर ते 'सत्या'मुळे.

जुनं मात्र हातातून जात राहिलं. यात आपणच निष्काळजी असं नाही. एमजीएमने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथालयातली वाद्यवृंदाची कागदपत्रं कचऱ्याच्या भरावात टाकली. त्यातलं बरंचसं संगीत पुढे कोणीतरी सिनेमा ऐकत, कानाने, पुन्हा लिहून काढलं. १९७४ मध्ये संगीतकार एल्मर बर्नस्टाइनने वर्गणीदार श्रोत्यांच्या जोरावर जुन्या पार्श्वसंगीताच्या नव्या ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. आपल्याकडच्या श्रोत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला. मागे कुकरची शिट्टी आणि 'अरे, आवाज कमी कर' हे मुद्रणाचाच भाग.

तर काम असं आहे. तुमच्या माळ्यावर, आईच्या कपाटात, जुन्या सुटकेसमध्ये अशा कॅसेट असतील तर स्नेहमेळाव्याला घेऊन या. सरांनी आणि बाईंनीही आणाव्यात. चालू स्थितीतला कॅसेट डेक आणि लॅपटॉप मी आणते आहे. बुरशी लागलेली कॅसेट घरी वाजवून बघू नका, पट्टी तुटते, तशीच आणा. प्रत्येकीवर जमेल तेवढं लिहा: कोणत्या साली, कोणत्या वाहिनीवरून, कोणी मुद्रित केलं. वही घेऊन मैत्रीण शेजारी बसणार आहे, आणि ती पाचवं नाव विचारल्याशिवाय कोणाला जेवायला सोडणार नाही.