होतकरू खेळाडूची पारख

मंडळी, मावळात पाऊस धरला की लोणावळ्यापासून वडगावपर्यंत खाचराखाचरांत भाताचा तरवा हिरवागार दिसू लागतो. जाणता शेतकरी बांधावर उभा राहून तो न्याहाळतो. पण रोप उंच वाढलं, तजेलदार दिसलं, एवढ्यावरून तो कणगीचा हिशेब मांडीत नाही. अजून आवणी व्हायची असते. नव्या चिखलात रोपानं मूळ धरायचं असतं, फुलोऱ्यात वारा सोसायचा असतो. तेव्हा कुठं लोंबीत दाणा भरतो.

भाताच्या बाबतीत एवढा धीर धरणारे आपण, पोरांच्या बाबतीत मात्र फार उतावळे होतो. शाळेच्या मैदानावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं चार गडी चुकवून गोल मारला की आपण म्हणतो, हा देशाकडून खेळणार. आणि शेजारच्या किरकोळ अंगाच्या पोराला म्हणतो, बाबा रे, हे तुझं काम नव्हे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपल्याला पाठ आहे. हॉकीचा इतिहास काय सांगतो, ते आज पाहू.

उदाहरणासाठी लांब जायला नको. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसा. कामशेत, तळेगाव, देहूरोड, पिंपरी, दापोडी मागं पडलं की खडकी येते. या खडकीत १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्ले जन्मला. घर तमिळ, माणसं पुष्कळ आणि मिळकत बेताची. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. नव्या काठीला पैसे नसत, म्हणून मोडक्या काठ्या बांधून-सांधून हे भाऊ खेळत. धनराज अंगानं सडपातळ. नुसतं धिप्पाड शरीर पाहून निवड करणारा कुणी असता, तर त्यानं या पोराला पहिल्याच दिवशी बाजूला काढलं असतं.

मग त्याच्यात पाहण्यासारखं काय होतं? पहिली गोष्ट वेग. आणि तोही नुसत्या पायांचा नव्हे, चेंडू काठीशी असतानाचा. दुसरी गोष्ट भूक. त्या काळी मोहम्मद शाहिद हा आघाडीचा खेळाडू चेंडू खेळवण्यात नावाजलेला होता. धनराजनं त्याचा खेळ डोळ्यांपुढं ठेवला. पोरानं कुणाला गुरू मानलं आहे, यावरूनही पुष्कळ कळतं. तिसरी गोष्ट, जागा बदलण्याची तयारी. थोरला भाऊ रमेश मुंबईत खेळत होता. त्याच्या पाठोपाठ धनराज मुंबईस गेला. तिथं ऑलिंपिक खेळलेल्या जोकिम कार्व्हालोंनी त्याला हाताशी धरलं आणि महिंद्राच्या संघात त्याला जागा मिळाली. ही त्याची आवणी म्हणायची. खडकीच्या मातीतलं रोप मुंबईत रुजलं. १९८९ साली दिल्लीच्या आशिया चषकात तो भारताकडून उतरला.

इथं मैदानाचीही एक गोष्ट ध्यानात घ्या. १९७६ सालच्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. तोवर सात सुवर्णपदकं मिळवलेला आपला देश तिथं सातव्या क्रमांकावर राहिला. खेळाडू एका रात्रीत वाईट झाले नव्हते. खेळाची जमीन बदलली होती. म्हणून गुरुजी, मुरमाड मैदानावर चमकणारं पोर सपाट, वेगवान मैदानावर कसं खेळतं, ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. आता पिंपरीत नेहरूनगरला तसलं मैदान आहे. वर्षातून एकदा तरी पोरांना तिथं न्यावं.

पुढची परीक्षा टिकण्याची. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत धनराज कप्तान होता. १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जिंकलेल्या संघातल्या अनेकांसह कप्तानालाच वगळण्यात आलं! तिशी गाठलेला गडी. घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो परत आला. २००२ साली कलोनच्या चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला चौतीस वर्षांचा धनराज. २००३ साली त्याच्याच कप्तानीखाली भारतानं पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. मलेशिया, जर्मनी, फ्रान्स इथल्या क्लबांनीही त्याला खेळायला नेलं. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा एवढी त्याची मजल. चौदा वर्षांच्या पोरात हे टिकणं कुणाला दिसलं असतं?

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. चार ऑलिंपिक खेळून धनराजला ऑलिंपिकचं एकही पदक मिळालं नाही. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध भारत पुढं होता. अखेरच्या मिनिटांत बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हुकली. आता त्याची पारख करणाऱ्यांचा अंदाज चुकला म्हणायचं का? मुळीच नाही. पदक अकरा जणांचं असतं. पेटीतली पदकं मोजून एकट्याची योग्यता ठरवायची नसते.

आणखी मागं जाऊ. ध्यानचंद १९२२ साली फौजेत भरती झाले. तोवर त्यांनी हॉकी मनावर घेतलेली नव्हती. ओढा कुस्तीकडं होता. पलटणीत खेळ लागला, सुभेदार मेजर बाले तिवारींनी धडे दिले, आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी चौदा गोल केले. सोळाव्या वर्षी ज्याचा पत्ता लागला नव्हता, त्याचं नाव आज देशाच्या खेलरत्न पुरस्काराला आहे. हाच पुरस्कार पुढं धनराजलाही मिळाला. सांगा, यांचे पाय कुणी पाळण्यात पाहिले होते?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आघाडीचा पोरगा जोखताना गोल मोजू नका. चेंडू येण्याआधी तो मान वर करून पाहतो का? चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की मागं धावतो? गेल्या दिवाळीत जे येत नव्हतं, ते यंदा येतं का? आणि त्याचा जन्ममहिना जरूर पाहा. एकाच वयोगटात जानेवारीचा पोरगा डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असतो. तो पुढं पळतो ते कधीकधी गुणानं नव्हे, वयानं. अशा धाकट्याला दोन वर्षं जास्त द्या.

एखाद्याला चुकून जास्त दिवस खेळवलं, तर फार तर चार संध्याकाळी वाया जातील, आणि त्याही खऱ्या अर्थानं वाया जाणार नाहीत. पण एखाद्याला चुकून घरी धाडलं, तर तो पुन्हा मैदानावर यायचा नाही. त्यातून घरची गरिबी असली, तर त्याचे आईबापही त्याला दुसऱ्यांदा पाठवायचे नाहीत. तरवा पिवळा दिसला म्हणून कुणी नांगर फिरवीत नाही. उद्या संध्याकाळी तुमच्या मैदानाच्या कडेला मोडकी काठी घेऊन कुणी उभं असेल, तर त्याला आत बोलवा आणि खेळू द्या.