मॅक प्रोची रखडकथा: ॲपलचे सगळ्यात जुने ग्राहकच कंपनीवर का चिडले?

दर सप्टेंबरला नवा आयफोन येतो, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कंपनी एखादं प्रॉडक्ट वर्षानुवर्षं तसंच ठेवून विकू शकते, हे खरं वाटत नाही. पण ॲपलनेच तसं केलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये बाजारात आलेला मॅक प्रो हा डेस्कटॉप डिसेंबर २०१९ पर्यंत त्याच पिढीच्या प्रोसेसरसह विकला गेला. तेवढ्या काळात आयफोन ५एसपासून आयफोन ११ पर्यंत पोहोचला.

यात सगळ्यात जास्त दुखावले गेले ते ॲपलचे जुने, पक्के ग्राहक. व्हिडिओ एडिटर, म्युझिक प्रोड्युसर, ॲनिमेशन करणारे, सॉफ्टवेअर डेव्हलपर अशी ही मंडळी. ते नक्की कशावर चिडले होते, कंपनीने असं का केलं आणि फोन वापरणाऱ्या तुम्हा-आम्हाला यातून काय घेण्यासारखं आहे, ते या लेखात पाहूया.

मॅक प्रो म्हणजे काय?

ॲपलने ऑगस्ट २००६ मध्ये पहिला मॅक प्रो आणला. ॲल्युमिनियमचा मोठा टॉवर, आत इंटेलचे झिऑन प्रोसेसर. झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठीचे प्रोसेसर. तासन्‌तास पूर्ण ताकदीने काम करायचं असेल तर असा कॉम्प्युटर लागतो.

या टॉवरची खरी मजा आत होती. बाजूचं झाकण एक खटका ओढून निघायचं. आत चार हार्ड डिस्क बसायच्या, ग्राफिक्स कार्ड आणि इतर कार्डांसाठी चार स्लॉट होते, रॅम हाताने वाढवता यायची. म्हणजे आज घेतलेलं मशीन तीन वर्षांनी मंद वाटलं, तर नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि पुढे चालू. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा राग इथूनच सुरू होतो.

पहिली ठिणगी: जून २०१२

२०१० नंतर मॅक प्रोमध्ये काही नवं आलं नव्हतं. जून २०१२ मध्ये ॲपलने नवे मॅकबुक प्रो दाखवले. त्यात यूएसबी ३ आणि थंडरबोल्ट होतं. त्याच दिवशी मॅक प्रोसुद्धा गुपचूप ‘अपडेट’ झाला. पण आत बघितलं तर प्रोसेसर जुन्याच पिढीचे, फक्त थोडे वेगवान. यूएसबी ३ नाही, थंडरबोल्टही नाही. इंटेलचे नव्या पिढीचे झिऑन त्याच वर्षी मार्चमध्ये बाजारात आले होते, तेही यात नव्हते.

नाराजी इतकी वाढली की टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देऊन सांगितलं, पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धासाठी आम्ही काहीतरी खास बनवतोय. मार्च २०१३ पासून तर युरोपियन युनियनमध्ये मॅक प्रोची विक्रीच थांबली. तिथे विद्युत सुरक्षेचा नवा नियम लागू झाला आणि पंख्यांना जाळी वगैरे आवश्यक ठरलं. जुन्या मॉडेलमध्ये तेवढे बदल करण्याऐवजी ॲपलने ते तिथून काढून घेतलं.

२०१३: सुंदर, छोटा आणि बंद

जून २०१३ मध्ये नवा मॅक प्रो दाखवला गेला. काळा, चकचकीत, गोल डब्यासारखा. उंची ९.९ इंच, व्यास ६.६ इंच. इतक्याशा जागेत १२ कोरपर्यंतचा झिऑन प्रोसेसर आणि एएमडीचे दोन फायरप्रो ग्राफिक्स कार्ड. सुरुवातीची किंमत २,९९९ डॉलर. लोकांनी गमतीने याला ‘कचऱ्याचा डबा’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलंच.

आतली रचना समजून घेऊ. मधोमध धातूचा एक त्रिकोणी खांब. त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना एकेक ग्राफिक्स कार्ड. तिघांची उष्णता त्या एकाच खांबात जाते आणि एकच मोठा पंखा ती वरून बाहेर फेकतो. आवाज अगदी कमी. इंजिनिअरिंग म्हणून बघाल तर कौतुकच वाटेल.

पण जुन्या टॉवरमधलं काय काय गेलं ते बघा. कार्डांचे स्लॉट गेले. हार्ड डिस्कच्या जागा गेल्या. ग्राफिक्स कार्ड ॲपलने खास आकारात बनवलेली असल्यामुळे बाजारातलं कार्ड आणून बसवता येईना. रॅम आणि स्टोरेज बदलता येत होतं, बाकी सगळं बाहेरून वायर लावून जोडा. म्हणजे मशीन छोटं, पण टेबलावर डब्यांचा आणि केबलचा पसारा.

मग नवं मॉडेल का येईना?

इथे डिझाइनच आडवं आलं. ॲपलचा अंदाज होता की पुढची सॉफ्टवेअर्स दोन मध्यम ताकदीच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये काम वाटून घेतील. प्रत्यक्षात जग उलट्या दिशेने गेलं. एकच, पण प्रचंड ताकदीचं आणि भरपूर तापणारं ग्राफिक्स कार्ड वापरण्याकडे कल वाढला. त्रिकोणी खांबाच्या एका बाजूवर तेवढी उष्णता टाकली, तर ती बाहेर काढायला वावच नव्हता.

त्यामुळे जे ग्राफिक्स कार्ड लोकांना हवं होतं, ते त्या डब्यात बसवणं अवघड. प्रोसेसरचं मात्र तसं नव्हतं. इंटेलने २०१४ आणि २०१६ मध्ये याच मालिकेतले नवे झिऑन आणले. एचपी आणि डेलच्या वर्कस्टेशनमध्ये ते दिसलेही. मॅक प्रोमध्ये एकही आला नाही. किंमतही तीन वर्षं जशीच्या तशी. २०१६ मध्ये तुम्ही २०१३ चं मशीन २०१३ च्याच भावात घेत होता.

मॅक मिनीचीही तीच कथा

हे फक्त महागड्या मॉडेलचं नव्हतं. स्वस्तातला मॅक मिनी ऑक्टोबर २०१४ मध्ये अपडेट झाला, तो थेट ऑक्टोबर २०१८ मध्ये पुढचा. चार वर्षं! त्यात २०१४ च्या मॉडेलमध्ये एक उलटाच प्रकार झाला. २०१२ च्या मिनीमध्ये चार कोरचा प्रोसेसर मिळायचा आणि रॅम हाताने बदलता यायची. २०१४ च्या मिनीमध्ये फक्त दोन कोर, आणि रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली. सगळे कोर कामाला लावणाऱ्या कामांत जुना मिनी नव्यापेक्षा पुढे असायचा. साहजिकच जुन्या मिनीला सेकंडहँड बाजारात मागणी टिकून राहिली.

राग नेमका कशाचा होता?

माझ्या मते, राग मशीन जुनं झाल्याचा नव्हता. कॉम्प्युटर जुना होतोच. राग दोन गोष्टींचा होता.

पहिली गोष्ट, शांतता. ॲपल पुढच्या प्रॉडक्टबद्दल आधी बोलत नाही. फोनच्या बाबतीत हे चालून जातं, कारण सप्टेंबर ठरलेला आहे. पण ज्याच्या स्टुडिओत दहा मशीन्स आहेत, त्याला पुढच्या दोन वर्षांचं बजेट ठरवायचं असतं. थांबायचं की विंडोजवर जायचं? विंडोजवर जायचं म्हणजे फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो सोडायचे, कारण ते विंडोजवर चालत नाहीत. सगळ्या टीमला नव्याने शिकवायचं, जुने प्रोजेक्ट हलवायचे. ‘नवं मशीन येणार नाही’ एवढं जरी कंपनीने सांगितलं असतं तरी लोक निर्णय घेऊन मोकळे झाले असते. धड हो नाही, धड नाही पण नाही. अशा लटकवून ठेवण्यात ग्राहकाचा धंदा अडकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुना टॉवर असता तर कंपनीने दुर्लक्ष केलं तरी ग्राहक स्वतः काहीतरी करू शकला असता. खरंच तसं झालंही. २०१० आणि २०१२ चे टॉवर लोकांनी नवी ग्राफिक्स कार्डं, एसएसडी आणि यूएसबी ३ ची कार्डं टाकून कितीतरी वर्षं चालवले. २०१८ ची मॅकओएस मोहावेसुद्धा योग्य ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यांच्यावर चालत होती. २०१३ च्या डब्यात ही सोय नव्हती. म्हणजे कंपनीने आधी किल्ली स्वतःकडे घेतली आणि मग दार उघडायला आलीच नाही.

काही जणांनी तर साध्या पीसीच्या पार्ट्सवर मॅकओएस बसवून ‘हॅकिंटॉश’ बनवले. ॲपलच्या लायसन्सच्या अटींमध्ये हे बसत नाही, आणि प्रत्येक अपडेटला काहीतरी बिघडायची भीती. तरीही लोकांनी तो मार्ग धरला, यावरून त्यांची अडचण कळते.

२०१७: ॲपलने मान्य केलं

एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावलं. फिल शिलर, क्रेग फेडरिगी आणि जॉन टर्नस हे तीन मोठे अधिकारी समोर होते. फेडरिगी यांनी मान्य केलं की या डिझाइनमुळे उष्णतेच्या बाबतीत आम्हीच स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं. नवा, मॉड्युलर मॅक प्रो बनवतोय, पण तो या वर्षी येणार नाही, असंही सांगितलं. ॲपलसारख्या कंपनीने न आलेल्या प्रॉडक्टबद्दल असं उघड बोलणं दुर्मीळच.

त्याच भेटीत दुर्लक्षाचं कारणही कळलं. विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी साधारण ८० टक्के लॅपटॉप असतात, आणि मॅक प्रोचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत. धंद्याच्या हिशेबाने कंपनी लॅपटॉपकडे लक्ष देणार हे उघड आहे. पण या थोड्या ग्राहकांमध्येच मॅक आणि आयफोनची ॲप्स बनवणारे, सिनेमे आणि गाणी तयार करणारे लोक होते. संख्या कमी, वजन जास्त.

पुढे काय झालं?

* डिसेंबर २०१७: मधला उपाय म्हणून आयमॅक प्रो आला, ४,९९९ डॉलरपासून.
* डिसेंबर २०१९: नवा मॅक प्रो आला. पुन्हा टॉवर, आठ स्लॉट, १.५ टीबीपर्यंत रॅम. मागितलेलं सगळं मिळालं, पण सुरुवातीची किंमत ५,९९९ डॉलर, म्हणजे आधीच्या दुप्पट. खाली चाकं हवी असतील तर ४०० डॉलर वेगळे. तीन हजारांत टॉवर घेणारा छोटा व्यावसायिक इथे बाहेर पडला.
* जून २०२०: ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जायची घोषणा केली. नवा टॉवर तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा होता.
* जून २०२३: एम२ अल्ट्रा चिपचा मॅक प्रो आला, ६,९९९ डॉलरपासून. स्लॉट होते, पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मेमरी चिपसोबतच बसवलेली, कमाल १९२ जीबी. तीच चिप छोट्या मॅक स्टुडिओमध्ये ३,००० डॉलर कमी देऊन मिळत होती.
* मार्च २०२५: मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा आणि ५१२ जीबीपर्यंत मेमरी मिळाली. मॅक प्रो तेव्हा एम२ अल्ट्रावरच राहिला.

फोन वापरणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं?

तुमचा फोन त्या काळ्या डब्यापेक्षाही जास्त बंद आहे. रॅम वाढत नाही, प्रोसेसर बदलत नाही. त्याचं आयुष्य जवळजवळ पूर्णपणे कंपनीच्या हातात असतं. म्हणून काहीही घेण्याआधी हे तपासा:

1. मॉडेल कधी आलं? दुकानात ‘नवीन’ लिहिलेलं असतं. तुम्ही बाजारात आल्याची तारीख आणि प्रोसेसर कोणत्या वर्षाचा आहे ते बघा.
2. वयाप्रमाणे किंमत उतरली का? दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल पहिल्याच भावात मिळत असेल, तर दुसरा पर्याय बघा.
3. अपडेट किती वर्षं? कंपनीने सिक्युरिटी अपडेटची वर्षं लेखी जाहीर केली आहेत का ते बघा. ती मॉडेल आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.
4. काय बदलता येतं? बॅटरी, स्टोरेज, रॅम. जे बदलता येत नाही, ते घेतानाच पुरेसं घ्या.
5. बाहेर पडायचा खर्च किती? तुमचं काम एकाच कंपनीच्या ॲपमध्ये अडकलं असेल, तर फायलींची एक कॉपी दुसरीकडेही उघडेल अशा फॉरमॅटमध्ये ठेवा.
6. ‘पुढच्या वर्षी येईल’ यावर थांबू नका. आजची गरज भागवणारं मशीन आज घ्या. अफवेवर काम अडवून ठेवलं तर नुकसान आपलंच होतं.

मॅक प्रोच्या ग्राहकांना पैसे खर्च करायचेच होते, त्यांची तक्रार किमतीपासून सुरू झाली नव्हती. आपण किती दिवस या मशीनच्या भरवशावर राहू शकतो, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. पुढच्या वेळी फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे विचाराल, तेव्हा हा प्रश्नही जरूर विचारा.