भास्कराचार्यांचे चाक आणि इंधनाविना वीज

काही वर्षांपूर्वी येथील मंडळात भास्कराचार्यांवर आम्ही एक व्याख्यान दिले होते. 'सिद्धान्तशिरोमणी'त आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे, हे मोठ्या अभिमानाने सांगितले आणि 'युरोपच्या कितीतरी आधी' असे म्हणून टाळ्याही घेतल्या. ते चाक खरोखर फिरत होते काय, हा प्रश्न आम्हांला पडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या घरांतून पूर्वजांचा अभिमान जरा अधिकच जपला जातो, आणि अभिमानाला प्रश्न विचारणे अवघड जाते. पुढे एका गृहस्थांनी याच व्याख्यानाचा हवाला देत इंधनाविना वीज देणाऱ्या यंत्रासाठी भांडवल जमविण्यास आरंभ केला. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मोठी रक्कम घातली. ती परत आली नाही. प्रस्तुत लेख हा उशिरा केलेला खुलासा समजावा.

भास्कराचार्यांनी हा ग्रंथ इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात हे चाक येते. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला सारख्या अंतरावर किंचित तिरपे पोकळ आरे बसवावेत, ते पाऱ्याने अर्धे भरून तोंडे बंद करावीत, आणि चाक दोन खांबांवरील आसावर ठेवावे, म्हणजे ते स्वतः फिरते. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. ब्रह्मगुप्तांच्या इ. स. ६२८ मधील ग्रंथात पाऱ्याचे चाक आहेच. हीच कल्पना अरबांमार्फत युरोपात गेली असावी, असे काही विद्वानांचे मत आहे. फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याच्या तेराव्या शतकातील चित्रवहीत हातोड्या लावलेले असेच एक चाक आढळते.

पारा आऱ्यांतून सरकतो, एका बाजूस तो परिघाकडे जातो, म्हणून ती बाजू जड होऊन खाली येईल, असा हा तर्क. प्रथमदर्शनी तो कोणालाही पटेल. परंतु ज्या बाजूला पारा आसापासून दूर जातो, त्या बाजूला असे आरे थोडे असतात. दुसऱ्या बाजूला पारा आसाजवळ असला तरी तो अधिक आऱ्यांत असतो. दोन्हींचा हिशेब सारखा होतो आणि चाक थबकते. शिवाय एका फेऱ्यात जितका पारा खाली उतरला, तितकाच तितक्याच उंचीवर चढवावा लागतो. मग घर्षणाचा खर्च कोणी द्यावयाचा?

व्याख्यानाच्या वेळी आम्ही पुढचे श्लोक वाचलेच नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. पाण्यावर चालणाऱ्या यंत्रासंबंधी आचार्य म्हणतात की ते ग्राम्य होय, कारण ते सापेक्ष आहे, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. आणि प्रकरणाच्या अखेरीस तर ते सांगून टाकतात की अशी स्वयंवह यंत्रे कुहकविद्येने नाना प्रकारची होतात. गोलाशी त्यांचा संबंध नाही, पूर्वसूरींनी सांगितली म्हणून मीही सांगितली. कुहक म्हणजे गारुड, हातचलाखी! सर्व यंत्रांत श्रेष्ठ म्हणून त्यांनी गौरविले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हे चाक त्यांनी करून पाहिले असेल असे आम्हांला आता वाटत नाही.

'हे कशाच्या अपेक्षेने चालते?' हा त्यांचा प्रश्न पुढच्या कोणत्याही यंत्राला विचारावा. इ. स. १८१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स रेडहेफर नावाच्या इसमाने अखंड चालणारे यंत्र मांडून पैसे मिळविले. सरकारी मदतीची मागणी केल्यावर तपासनीस आले. दातेरी चाकांचे दात भलत्याच बाजूने झिजलेले दिसले; म्हणजे जे यंत्र दुसऱ्याला चालविते असे तो सांगत होता, तेच चालविले जात होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये आगबोटींचा प्रवर्तक रॉबर्ट फुल्टन ते पाहावयास गेला. चाकाची गती मध्येच मंद, मध्येच जलद होते, हे त्याच्या कानाने हेरले. भिंतीजवळच्या फळ्या काढल्या तर आतून एक तातीची दोरी निघाली. तिचा माग काढीत मंडळी माळ्यावर पोहोचली. तेथे एक दाढीवाला म्हातारा एका हाताने पावाचा तुकडा खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवीत बसला होता. आम्हांला त्या म्हाताऱ्याची दया येते. सबंध प्रकरणात प्रामाणिक मेहनत काय ती त्याचीच.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणे १७७५ मध्येच बंद केले होते. १८४० च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला. विजेने मात्र जुन्या भ्रमाला नवे कपडे दिले, कारण तिची दोरी डोळ्यांना दिसत नाही.

शिक्षकांच्या घरचे यंत्र असेच होते. मोटरने डायनामो फिरवावा, डायनामोने मोटरला वीज पुरवावी आणि उरलेली घरात वापरावी. दोन्ही यंत्रे शेकडा ९० इतकी चांगली धरली, तरी १०० चे ९० होतात, ९० चे ८१. दुसऱ्या फेरीस सुमारे ६६ उरतात. उरलेली वीज आणावयाची कोठून? आरंभी बॅटरीने गती दिलेले जड चाक काही वेळ फिरत राहते, तेवढा वेळ बल्ब जळतो, आणि तेवढ्या वेळात पावतीवर सही होते. अंगणात एक क्विंटल वजन दोन मीटर खाली सोडले, तर त्यातून १०० वॅटचा बल्ब वीस सेकंदही जळणार नाही. एका युनिटसाठी एक टन वजन ३६७ मीटर उचलण्याइतके काम लागते. खोपोलीला १९१५ पासून टाटांची वीज निघते ती घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली सोडून. ते पाणी वर नेण्याचे काम सूर्य आणि पावसाळा करतात. खोपोलीचे केंद्र सापेक्ष आहे, म्हणूनच चालते.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. या शिक्षकांना तो पाहण्याची इच्छा होती. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे जाऊन आलो. परतताना त्यांनी एवढेच सांगितले की यंत्र मोडीत दिले, तांब्याच्या तारेचे तेवढे बरे पैसे आले.