पेनिसिलीनचे वावडे

वांग्याचे किंवा अंड्याचे वावडे आपल्या घरांना नवे नाही. त्या माणसापुरती निराळी भाजी होते आणि प्रश्न मिटतो. औषधाच्या वावड्यात मात्र निराळी भाजी कोणती करावी, यावरच कित्येकदा रोग्याचे प्राण अवलंबून असतात.

1928 साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात फ्लेमिंगला ती प्रसिद्ध बुरशी दिसली. 1941 साली ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी तिचे औषध माणसाला दिले. 1955 पासून आमच्या पिंपरीलाही पेनिसिलीन निघू लागले. ही कथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. तिची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. हे अमृत काहींना विषासारखे बाधते, सुई टोचताच श्वास कोंडतो, क्वचित मृत्यूही येतो, हे 1940 चे दशक सरण्यापूर्वीच डॉक्टरांना कळून चुकले होते. पेनिसिलीनच्या रेणूतील एक कडी उघडते, शरीरातील प्रथिनांना चिकटते, आणि शरीर त्या जोडीलाच शत्रू समजते.

मग पर्याय कोणता? तो मिळाला सार्डिनिया बेटावर. काल्यारी शहराचे सांडपाणी जेथे समुद्राला मिळते, तेथील पाण्यातून ब्रोत्सू या इटालियन प्राध्यापकाने 1945 साली एक बुरशी वेगळी काढली. (गटाराने माणसावर केलेला असा उपकार दुसरा आम्हांस आठवत नाही!) ऑक्सफर्डला एब्राहम आणि न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन शोधले आणि 1964 साली त्या कुळातले पहिले औषध बाजारात आले.

पण हे पेनिसिलीनचे चुलत भावंड. पेनिसिलीन न सोसणाऱ्या शंभरांपैकी दहांना हेही बाधते, असा आकडा ग्रंथांत शिरला आणि ठाण मांडून बसला. त्या आरंभीच्या औषधात पेनिसिलीनचाच अंश मिसळलेला असे, ही गोष्ट मागाहून ध्यानात आली. आज तो आकडा शंभरांत दोनांच्या आसपास, किंबहुना कमीच, मानतात. साम्य पाहायचे ते मधल्या कडीचे नव्हे, बाजूच्या शाखेचे. ॲम्पिसिलीन आणि सेफॅलेक्सिन यांची ही शाखा एकच, म्हणून तेथे जपावे लागते. सेफाझोलिनची निराळी, म्हणून ते बहुतेकांना चालते.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांच्या कागदांवर ‘पेनिसिलीन नको’ असे लाल शाईत लिहिलेले होते. काय झाले होते, असे विचारता ते म्हणाले, “आई सांगायची.” अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोकांच्या नावापुढे असा शेरा आहे, आणि रीतसर तपासणी केली तर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिकांना पेनिसिलीन सोसते. बालपणी तापात उठलेले पुरळ औषधाच्या माथी मारलेले असते. खरे वावडेही वर्षांगणिक ओसरते. शेरा मात्र ओसरत नाही, आणि त्यापायी रोग्याला अधिक महाग, अधिक उपद्रवी औषधे घ्यावी लागतात. अर्थात औषधाने ज्याची कातडी सोलून निघाली, त्याच्यावर पुन्हा प्रयोग करू नये.

एके ठिकाणी तर पर्यायच नाही. उपदंश झालेल्या गर्भवतीला पेनिसिलीनच द्यावे लागते. वावडे खरे असले, तर तिला रुग्णालयात ठेवून, अत्यल्प मात्रेपासून चढवत चढवत, काही तासांत पूर्ण मात्रेपर्यंत नेतात. शरीर तेवढ्यापुरते गप्प बसते. औषध थांबल्यावर पुन्हा जागे होते.